खुर्ची कुणाची, सही कुणाची?

वाचक विचारतात

पत्र पहिलं : त्रिमूर्तीनगर, नागपूर

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी झाली. सीईटीत बरे गुण आहेत, फार नाहीत. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचं आहे. घरापासून स्कूटीने वीस मिनिटांवर असलेलं एक कॉलेज आता खाजगी विद्यापीठ झालं आहे. आम्ही दोघं जाऊन बघून आलो. इमारत छान, लॅब छान. त्यांनी माहितीपुस्तिका दिली. तिच्या पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, दुसऱ्यावर त्यांच्या मुलाचा, तिसऱ्यावर सुनेचा. कुलगुरूंचा फोटो शोधावा लागला, तो आठव्या पानावर निघाला. माझे दीर म्हणतात, "खाजगी म्हणजे दुकान. उद्या शटर पडलं तर पोरीच्या डिग्रीचं काय करता?" मिस्टरांचं म्हणणं, नागपूर विद्यापीठाच्याच कॉलेजात टाकू, लांब पडलं तरी चालेल. तुम्ही आयुष्यभर विद्यापीठाच्या कार्यालयात काम केलंत. अशा विद्यापीठाचा इतिहास कसा तपासायचा आणि तिथला खरा प्रमुख कोण, हे कसं ओळखायचं?

उत्तर :

ताई, तुमच्या दिरांनी विचारलेला प्रश्न २००५ साली एका बापाने मला विचारला होता. विचारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यामुळे दिरांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका.

महाराजबागेजवळच्या इमारतीत तेव्हा मी पदवी पडताळणीच्या टेबलावर होते. फेब्रुवारी संपत आला होता. गोंदियाकडचे एक शेतकरी आले. कॅरीबॅगमध्ये घडी घालून मुलाची गुणपत्रिका आणलेली. ती आमच्या विद्यापीठाची नव्हतीच, छत्तीसगडमधल्या एका खाजगी विद्यापीठाची होती. पण विद्यापीठाचं काम म्हटल्यावर त्यांना नागपूरच आठवलं. म्हणाले, "मॅडम, कोर्टानं विद्यापीठच रद्द केलं म्हणते. मंग माह्या पोराचे दोन वर्षं कुठी गेले जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पेपरातली बातमी पुन्हा नीट वाचली.

झालं होतं असं. छत्तीसगड राज्य २००० साली झालं. २००२ मध्ये तिथल्या सरकारने खाजगी विद्यापीठांचा एक कायदा केला. त्या कायद्याखाली विद्यापीठ काढायला विधानसभेत जायची गरज नव्हती. सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ जन्माला आलं. बघता बघता अशी शंभराच्या वर विद्यापीठं झाली. कित्येकांना ना स्वतःची इमारत, ना प्रयोगशाळा, ना शिक्षक. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातली मूळ कलमंच घटनाबाह्य ठरवली. त्यांच्या जोरावर उभी राहिलेली सगळी विद्यापीठं एका दिवसात संपली. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून अशा संस्थांना आधीच्या सरकारी विद्यापीठांशी जोडून घेण्याची व्यवस्था राज्याने करावी, असं न्यायालयाने सांगितलं. पण जोडायला मुळात संस्था तर हवी ना! त्या शेतकऱ्याच्या मुलाचं विद्यापीठ एका दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. मुलाने पुढच्या जूनमध्ये बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नव्याने नाव घातलं. हे मला ठाऊक आहे, कारण स्थलांतर प्रमाणपत्राच्या चौकशीसाठी ते पुन्हा माझ्याच टेबलावर आले होते.

त्या दिवसापासून मी इमारत बघत नाही. आधी कायदा विचारते.

आपल्या देशात पदवी कोण देऊ शकतं, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलेलं आहे. संसदेच्या किंवा राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ पदवी देऊ शकतं. नाहीतर कलम ३ खाली केंद्राने ज्या संस्थेला विद्यापीठासमान मानलं, म्हणजे अभिमत विद्यापीठ, तेही देऊ शकतं. या दोन वाटा सोडल्या तर 'विद्यापीठ' हा शब्द पाटीवर लावायचीही मुभा नाही. आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढतो. तिच्यात वर्षानुवर्षं आपल्या नागपूरचंही एक नाव छापून येतं. प्रवेशाआधी ती यादी एकदा बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

नागपुरात या वाटा डोळ्यांसमोर दिसतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे राज्याच्या कायद्याचं, सार्वजनिक. वाठोड्याला २०१९ पासून सिम्बायोसिसचा परिसर आहे, तो पुण्याच्या अभिमत विद्यापीठाचा. आणि काटोल रोडचं रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होतं, ते आता पहिल्याच वाटेने, म्हणजे विधिमंडळाच्या कायद्याने, स्वतः खाजगी विद्यापीठ झालं आहे. तुमचं वीस मिनिटांवरचं कॉलेज या तिसऱ्या प्रकारातलं.

विधिमंडळाच्या कायद्यातून खाजगी विद्यापीठ काढायची रीत देशात १९९५ साली सिक्कीममध्ये मणिपालच्या विद्यापीठापासून पडली. महाराष्ट्राने बरीच वर्षं वाट पाहिली. आपल्याकडे २०१४ पासून अशी विद्यापीठं सुरू झाली आणि एकेका विद्यापीठासाठी वेगळा अधिनियम विधिमंडळात मंजूर होत गेला. छत्तीसगडच्या त्या अधिसूचनांत आणि यात हाच मोठा फरक. म्हणून तुमच्या दिरांना सांगा, २००५ ची गोष्ट जशीच्या तशी इथे लागू होत नाही. शटर पडण्याचाही विचार अशा कायद्यांत केलेला असतो. संस्थेला ठेव निधी ठेवावा लागतो, आणि विद्यापीठ बंद करायचं झालं तर चालू तुकड्यांची सोय लावण्याबद्दल कलमं असतात. प्रवेशाच्या खिडकीवर विचारा, "तुमचा अधिनियम कुठल्या वर्षीचा? प्रत दाखवता का?" ज्याला आपल्या कायद्याचं नाव सांगता येत नाही, त्याच्यापुढे फी मोजू नका.

आणखी एक. संस्था १९८४ ची असली तरी विद्यापीठ १९८४ चं होत नाही. पुस्तिकेत 'चाळीस वर्षांची परंपरा' लिहिलेलं असतं. ती कॉलेजची परंपरा, आणि ती खरीही असते. पण त्या चाळीस वर्षांत अभ्यासक्रम ठरवणं, पेपर काढणं, निकाल लावणं, पदवीवर सही करणं यांतली किती कामं कॉलेजची होती? कॉलेज स्वायत्त झालं की पहिली तीन बरीचशी त्याच्याकडे येतात, पण पदवी मूळ विद्यापीठाचीच राहते. विद्यापीठ झाल्यावर चौथंही येतं. आता चूक झाली तर वर दाद मागायला नागपूर विद्यापीठ नसतं. मी टेबलावर असताना एखाद्या कॉलेजने गुणांत घोळ घातला तर पालक आमच्याकडे यायचे आणि आम्ही ती फाईल मागवायचो. खाजगी विद्यापीठात ते वरचं दार त्याच इमारतीत असतं. म्हणून तिथे आत कोण बसलंय, याला महत्त्व.

आता तुमच्या आठव्या पानाकडे येते.

सार्वजनिक विद्यापीठात राज्यपाल हे कुलपती. खाजगी विद्यापीठात कुलपती किंवा अध्यक्ष नेमते ती मातृसंस्था, म्हणजे ज्या ट्रस्टने पैसा घातला ती. त्यामुळे पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो असणं यात गैर काही नाही. पण विद्यापीठ चालवतात कुलगुरू. अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवणाऱ्या विद्या परिषदेचे अध्यक्ष ते, शिक्षणाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा, पदवी प्रमाणपत्रावर सही त्यांची. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने या पदासाठी किमान दहा वर्षं विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेत काम केलेलं हवं, आणि निवड शोध समितीने करावी असं सांगितलं. तुमच्या मुलीच्या भिंतीवर चार वर्षांनी जो कागद लागेल, त्यावर आठव्या पानावरच्या माणसाची सही असेल.

घराणं मध्ये आलं की वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. महाराष्ट्राचं पहिलं खऱ्या अर्थाने खाजगी विद्यापीठ आठवा. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली पुण्याजवळच्या हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, तिथून कल्पना आली. सरकारची मान्यता नाही, अनुदान नाही, विद्यार्थिनी पाच. शिकवायचं मातृभाषेत. पदवीचं नावसुद्धा वेगळं, बी.ए. नव्हे तर जी.ए., गृहीतागमा. अठ्ठावन्न वर्षांचे कर्वे स्वतः कुलपती झाले नाहीत, कुलगुरूही नाहीत. कुलपती म्हणून त्यांनी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना आणलं, कुलगुरू केलं रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना. आपण झोळी घेऊन फिरत राहिले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हा त्याचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. कायद्याचा दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. पस्तीस वर्षं हे विद्यापीठ फक्त माणसांवरच्या विश्वासावर चाललं.

आणि परांजपे हे कर्व्यांचे नातेवाईकच होते बरं का! पण ते १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले सीनिअर रँग्लर होते, फर्ग्युसनचे प्राचार्य होते. कर्व्यांनी बोलावलं नसतं तरी देशातल्या कुठल्याही विद्यापीठाने त्यांना खुर्ची दिली असती. तुमच्या पुस्तिकेतल्या तिसऱ्या पानावरच्या सूनबाईंना हीच कसोटी लावा. त्या काय शिकल्या, कुठे शिकवलं, या घराबाहेर त्यांना हे पद कुणी दिलं असतं का? उत्तर 'हो' आलं तर आडनावाकडे बघू नका.

दुसरं टोक तामिळनाडूत आहे. राजा सर अण्णामलाई चेट्टियारांनी १९२९ मध्ये चिदंबरमला विद्यापीठ काढलं. दानत मोठी, नाव मोठं, शिकून गेलेले विद्यार्थीही मोठे. पण प्र-कुलपतिपद, म्हणजे कुलपतींच्या खालोखालचं पद, घराण्यात ठेवण्याची तजवीज होती, आणि ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून पुढच्या पिढीकडे गेलं. आठ दशकांनी पगाराला पैसे पुरेनात. गरजेपेक्षा हजारो जास्त माणसं नोकरीत भरलेली निघाली. शेवटी २०१३ मध्ये राज्य सरकारने कायदा करून विद्यापीठ ताब्यात घेतलं. इतकी भरती होईपर्यंत 'आता पुरे' म्हणणारं आत कुणी नव्हतं का, की म्हणणाऱ्याचं चालत नव्हतं? मला वाटतं, दुसरंच.

या दोन टोकांच्या मधलं उदाहरण आपल्या वाठोड्याचं. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्था काढली. वसतिगृहात मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडून होता आणि एक मुलगी खिडकीतून त्याला डबा देत होती, हे त्यांनी पाहिलं. तिथून त्यांना परक्या मुलांच्या एकटेपणाची जाणीव झाली. नावही आपल्या विषयातलंच दिलं, सिम्बायोसिस म्हणजे सहजीवन. २००२ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. संस्थापक कुलपती, कन्या डॉ. विद्या येरवडेकर प्र-कुलपती. पण कुलगुरूच्या खुर्चीवर अर्थतज्ज्ञ डॉ. रजनी गुप्ते यांच्यासारखी, घराण्याबाहेरची माणसं आली. पैसा आणि धोरण घराकडे, शिकवणं शिक्षकांकडे, अशी ही मांडणी. ती टिकते की नाही हे पुढच्या पिढीत कळतं. बहुतेक खाजगी विद्यापीठांत आज ती पुढची पिढी नुकती दारात उभी आहे.

म्हणून ताई, तिथे पुन्हा एकदा जा आणि या वेळी लॅब बघू नका. विद्यापीठ झाल्यापासून किती कुलगुरू झाले, ते विचारा. मुदत बहुधा पाच वर्षांची असते. चार वर्षांत तीन कुलगुरू बदलले असतील, तर तिथे कुलगुरूंचं ऐकलं जात नाही असं समजा. विद्या परिषदेत बाहेरचे सदस्य कोण, ते विचारा. शक्य असेल तर कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी बोला. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला तर गुण कोण बदलतं, कुलगुरूंना भेटायचं तर भेटतात का, हे मुलींना बरोबर माहीत असतं. आणि प्रवेशपत्रावर पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार ते लिहून घ्या. कॉलेजचं विद्यापीठ होण्याच्या काळात एकाच इमारतीत वरच्या वर्गाला नागपूर विद्यापीठाची पदवी आणि खालच्या वर्गाला नव्या विद्यापीठाची, असं चालू असतं.

माझं मत विचाराल तर, कुलगुरूंनी एक मुदत पूर्ण केली असेल आणि अधिनियमाची प्रत न कुरकुरता दाखवली, तर मुलीला तिथे घालायला हरकत नाही. रोजचे दोन तास बसमध्ये घालवण्यापेक्षा ते बरं. पण यांतली एकही गोष्ट अडखळली, तर मिस्टरांचं ऐका.

पत्र दुसरं : महाल, नागपूर

मी निवृत्त शिक्षक. नागपूर विद्यापीठाने शंभरी ओलांडली. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी तो सार्वजनिक विद्यापीठाला द्यावा, स्वतःच्या नावाची विद्यापीठं कशाला काढावीत? पूर्वीचे दाते असे नव्हते. हे सगळं खाजगीकरण मला तरी पटत नाही.

उत्तर :

सर, तुमच्या पत्राच्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे, आणि तो अर्धा भाग अमरावती रोडवर उभा आहे.

कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. आपली मोठी मालमत्ता त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिली, विज्ञानाचं उद्योगात चालेल असं शिक्षण मिळावं म्हणून. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, आपली एलआयटी. दात्याचं नाव पाटीवर आहे, पण त्यांच्या वारसांपैकी कुणी संचालकाच्या खुर्चीवर हक्क सांगायला आलं नाही. २०२३ मध्ये राज्याने तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला, तोही सार्वजनिकच. एलआयटी चौकातून जाताना मी आजही मनातल्या मनात त्या माणसाला नमस्कार करते. मधल्या काळात किती सरकारं आली, किती कुलगुरू झाले, तो पैसा मुलांच्याच कामी आला.

पण 'पूर्वी सगळं सार्वजनिक होतं' हे मात्र बरोबर नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ झालं, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. सुरुवात सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी एवढ्यावर झाली. त्यातलं हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ साली काढलेलं खाजगीच कॉलेज. विद्यापीठाच्या चाळीस वर्षं आधीचं! तेव्हा नागपूरच्या मुलांना परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या आणि मग अलाहाबादच्या द्याव्या लागायच्या. कॉलेज आधी आलं, विद्यापीठ मागून आलं.

आणि हरिसिंह गौर? ते तर आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. दिल्ली विद्यापीठाचे १९२२ चे पहिले कुलगुरूही तेच. वकिलीत कमावलेले वीस लाख रुपये घालून त्यांनी जुलै १९४६ मध्ये आपल्या जन्मगावी, सागरला, विद्यापीठ काढलं. सागर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर होती, म्हणजे ते आपल्याच प्रांताचं दुसरं विद्यापीठ. पहिले कुलगुरू ते स्वतःच झाले. कर्व्यांसारखं त्यांनी पद दुसऱ्याला दिलं नाही. पण विद्यापीठ प्रांताच्या कायद्याने बांधून घेतलं. डिसेंबर १९४९ मध्ये ते गेले तेव्हा विद्यापीठाला चार वर्षंही झाली नव्हती. तरी ते चाललं, कारण ते त्यांच्या वाड्याला बांधलेलं नव्हतं. २००९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठ झालं.

सर, गौरांनी तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो पैसा नागपूर विद्यापीठालाच द्यायचा ठरवला असता, तर सागरच्या मुलांना रेल्वेने इकडेच यावं लागलं असतं. एका माणसाच्या हट्टाने बुंदेलखंडात विद्यापीठ आलं. म्हणून मी खाजगी पैशाला नाही म्हणत नाही. दात्याने पैसा दिल्यावर त्याच्या हातात काय उरतं, एवढंच बघते. लक्ष्मीनारायणांच्या हातात काही उरलं नाही. कर्व्यांच्या हातात झोळी उरली. आज काही ठिकाणी देणाऱ्याच्या हातात नेमणुका, बढत्या, निकाल, सगळंच उरतं, आणि त्याला देणगी म्हणणं मलाही जड जातं. तिथे तुमचा राग माझा राग आहे.

पत्र तिसरं : उमरेड

मी ओबीसी प्रवर्गातली मुलगी आहे. वडिलांची पाच एकर शेती. मुलींना उच्च शिक्षण मोफत झालं असं ऐकलं, म्हणून एका खाजगी विद्यापीठात चौकशी केली. तिथले सर म्हणाले, "आधी पूर्ण फी भरा, नंतर बघू." असं का?

उत्तर :

बेटा, भरू नकोस. थांब.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत तुझ्यासारख्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं, हे खरं. पण त्याच निर्णयात खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खाजगी, विद्यापीठं वगळलेली होती. एखादं कॉलेज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असेपर्यंत तिथल्या मुलींना ही सवलत लागू होते. ते स्वतः विद्यापीठ झालं की तीच इमारत, तेच शिक्षक, आणि नव्याने येणारी मुलगी मात्र सवलतीबाहेर पडू शकते. हा फरक खिडकीवरचे लोक स्वतःहून सांगत नाहीत, याचा मला संताप येतो. पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताईंनीही हे वाचावं.

शासन असे नियम बदलतं, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-योजनांच्या पोर्टलवर यंदाच्या वर्षासाठी त्या संस्थेचं आणि तुझ्या अभ्यासक्रमाचं नाव योजनेच्या यादीत दिसतं का, ते बघ. उमरेडच्या एखाद्या सेतू केंद्रावर कुणीही उघडून दाखवेल. नाव नसेल तर विद्यापीठाची स्वतःची काही शिष्यवृत्ती आहे का, आणि ती चारही वर्षं मिळते की फक्त पहिल्या वर्षी, ते लेखी माग. पहिल्या वर्षी अर्धी फी आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण, असं झालं तर मधूनच सोडता येत नाही. माझ्या भाचीचं तसं झालं होतं. दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांनी बैलजोडी विकली.

कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचे पर्याय वर टाक. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आजच काढायला दे. जुलैत तहसीलच्या रांगा लांब असतात, आणि दाखला हातात नसला तर आलेली जागा जाते. वडिलांना सांग, सातबारा सोबत ठेवा. आणि त्या सरांनी "नंतर बघू" असं पुन्हा म्हटलं, तर त्यांना तेच कागदावर लिहून सही करायला सांग.